नळी ठेवायची की नको? पथरीच्या ऑपरेशनमधल्या एका छोट्या प्रश्नाचा इतिहास

संशोधनाला लागणाऱ्या मुलामुलींचा एक ठरलेला समज असतो: प्रश्न जितका मोठा, तितका प्रबंध भारी. सिनॉप्सिस लिहायला बसलं की 'ग्रामीण आरोग्याची स्थिती' नाहीतर 'वैद्यकीय तंत्रज्ञानाचा समाजावरील परिणाम' असले विषय सुचतात. आज तुम्हाला एका बोटभर जाडीच्या नळीचा इतिहास सांगतो. ही नळी ऑपरेशननंतर पेशंटच्या पाठीत ठेवायची की नाही, एवढाच प्रश्न आहे. त्यावर डॉक्टर मंडळी चाळीस वर्षं वाद घालत आली आहेत आणि एवढ्या वादातही एक बाजू जवळपास कोणी मोजलीच नाही. ती बाजू गोंदिया जिल्ह्यातून नीट दिसते, म्हणून ही पोस्ट.

एक सूचना आधीच देतो. हा वैद्यकीय सल्ला नाही. कोणाला पथरीचा त्रास असेल तर त्याने आपल्या डॉक्टरांशी बोलावं. आपण इथे एका प्रश्नाचा इतिहास वाचतो आहोत.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ

पुस्तकात 'मुतखडा' लिहिलेलं असतं. आपल्याकडे सालेकसा असो की अर्जुनी मोरगाव, बहुतेक जण 'पथरी'च म्हणतात. मूत्रपिंडातला खडा मोठा असेल, साधारण दोन सेंटिमीटरच्या वर, तर आज जे ऑपरेशन सहसा सुचवलं जातं त्याला डॉक्टर पीसीएनएल म्हणतात. लोकांच्या भाषेत 'पाठीतून दुर्बिणीचं ऑपरेशन'. पाठीच्या बाजूने सुई थेट मूत्रपिंडात घालतात, ती वाट हळूहळू रुंद करतात, त्यातून दुर्बीण आत सरकवतात, खडा फोडतात आणि तुकडे बाहेर काढतात. जुन्या उघड्या ऑपरेशनसारखा वीतभर चिरा लागत नाही.

खडा निघाला. आता त्या वाटेचं काय करायचं? मूत्रपिंड म्हणजे रक्ताने भरलेला अवयव. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा दोन्ही मूत्रपिंडांकडे जातो. अशा अवयवाला आपण आत्ताच भोक पाडलं आहे. लघवी मूत्राशयात नेणारी बारीक मूत्रवाहिनी सुजलेली असू शकते, तिच्यात रक्ताची गुठळी किंवा खड्याचा कण अडकू शकतो. लघवीला खाली जायला वाट नसेल तर ती पाठीच्या भोकातून झिरपेल.

म्हणून त्या वाटेतच एक नळी ठेवायची पद्धत पडली, नेफ्रोस्टॉमी नळी. तिच्याकडून तीन कामांची अपेक्षा: लघवी बाहेर काढणं, वाटेच्या कडा दाबून रक्त थांबवणं, आणि खडा शिल्लक निघालाच तर पुन्हा आत जायला दार उघडं ठेवणं. पण पाठीत नळी असलेल्या माणसाला कूस बदलणं अवघड जातं, खोकताना कळ येते, आणि नळी निघेपर्यंत हालचाल जपून करावी लागते. एका बाजूला सुरक्षितता, दुसऱ्या बाजूला वेदना, असा हा तराजू आहे.

नळीची जाडी 'फ्रेंच' या एककात सांगतात. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या शारिएर नावाच्या उपकरण बनवणाऱ्या कारागिराचं हे माप. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. म्हणजे २८ फ्रेंचची नळी सव्वानऊ मिलिमीटरच्या आसपास जाड, आणि ९ फ्रेंचची फक्त तीन मिलिमीटर. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नळी आधी आली, ऑपरेशन नंतर

इतिहास वाचताना आपण नकळत धरून चालतो की आधी ऑपरेशन आलं आणि मग त्याच्या सोयीसाठी नळी आली. इथे उलटं झालं.

खडा काढल्यावर लघवीचं काय, ही चिंता तशी फार जुनी. सुश्रुतसंहितेत मूत्राशयातला खडा काढण्याची शस्त्रक्रिया सविस्तर आहे. त्यानंतर मूत्राशयात रक्त साठू नये म्हणून रोग्याला कोमट पाण्याच्या द्रोणीत बसवायला सांगितलं आहे. सात दिवसांनंतरही लघवी आपल्या नैसर्गिक वाटेने येत नसेल तर जखमेला डाग देण्याचाही उपाय आहे. खडा हातात आला म्हणजे काम संपलं असं त्या ग्रंथकारालाही वाटत नव्हतं.

मूत्रपिंडाची गोष्ट मात्र विसाव्या शतकातली. १९४१ मध्ये अमेरिकेत रूपेल आणि ब्राऊन यांनी, उघड्या शस्त्रक्रियेने आधीच केलेल्या नेफ्रोस्टॉमीच्या वाटेतून खडा काढल्याचं नोंदवलं. १९५५ मध्ये विलार्ड गुडविन आणि सहकाऱ्यांनी लघवी तुंबून फुगलेल्या मूत्रपिंडात त्वचेतून सुई घालून नळी बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिचा हेतू खडा काढणं हा नव्हताच. तुंबलेली लघवी मोकळी करायची, एवढाच होता. पुढे १९७६ मध्ये स्वीडनमधले फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी विचार केला की ही वाट मुद्दाम खड्यासाठीच का करू नये? त्यांच्या पहिल्या लेखात रुग्ण होते फक्त तीन.

म्हणजे पीसीएनएल हे ऑपरेशन नळीच्या पोटातून जन्मलं. त्यामुळे सुरुवातीच्या सर्जनला 'नळी ठेवायची का?' हा प्रश्न पडतच नव्हता. घराला दार असावं का, असं कोणी विचारतं का? संशोधनासाठी ही पहिली खूणगाठ: एखादी पद्धत 'नेहमीची' का झाली हे शोधताना, ती कधी सिद्ध झाली एवढंच पाहू नका. ती कधी सिद्धच करावी लागली नव्हती का, हेही पाहा.

१९८४ आणि १९८६: शंभर विरुद्ध दोन

नळीवर पहिलं प्रश्नचिन्ह लंडनच्या जॉन विकहॅम यांच्या गटाने लावलं. ऑपरेशन एकाच टप्प्यात करावं की दोन, हा त्यांच्या १९८४ च्या लेखाचा विषय. त्यात नळी मागे न ठेवता केलेल्या १०० रुग्णांची मालिका होती. आज 'ट्यूबलेस' म्हणून जे ओळखलं जातं त्याची सुरुवात बहुतेक लेखक इथून सांगतात.

दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, अमेरिकेतून विनफिल्ड, वेमन आणि क्लेमन यांचा लेख आला. नळी वेळेआधी काढल्याने झालेल्या गुंतागुंतीचा. रुग्ण होते दोन. दोघांनाही गंभीर त्रास झाला. लेखाचा निष्कर्ष असा की नळी किमान एक-दोन दिवस राहू द्यावी.

कोण जिंकलं? दोन रुग्णांचा लेख. पुढची दहाएक वर्षं नळी ठेवणं हाच नियम राहिला.

आता तुम्ही म्हणाल, हा तर सरळ अन्याय झाला, शंभर मोठे की दोन? थांबा. इथे घाईने निकाल देऊ नका. संख्याशास्त्रात एक साधा 'तीनचा नियम' आहे. १९८३ मध्ये हॅनली आणि लिपमन-हँड यांच्या लेखाने तो डॉक्टरांमध्ये परिचित केला. समजा १०० रुग्णांत एखादी दुर्घटना एकदाही झाली नाही. तरी खरा धोका शून्य आहे असं म्हणता येत नाही. तीनला रुग्णसंख्येने भागा: ३ भागिले १००, म्हणजे तो धोका ३ टक्क्यांपर्यंत असू शकतो. शंभर जण सुखरूप घरी गेले आणि दोघं मरता मरता वाचले, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. ती एकमेकांना खोडत नाहीत.

तरी १९८६ च्या लेखाची ताकद निव्वळ आकड्यात नव्हती. रक्तस्राव झालेला पेशंट सर्जन आयुष्यभर विसरत नाही. नळीमुळे चार रात्री कण्हत पडलेला पेशंट मात्र कोणाच्या लेखात येत नाही. दुर्घटना नोंदली जाते, रोजचा त्रास नोंदला जात नाही. दुसरी खूणगाठ हीच: जुने लेख वाचताना, कोणत्या प्रकारच्या दुःखाला छापील पानावर जागा मिळाली, हे तपासा.

१९९७: नळी गेली, पण आत काहीतरी राहिलं

मधल्या काळात आणखी एक वस्तू तयार झाली होती. १९६७ मध्ये झिमस्काइंड आणि सहकाऱ्यांनी मूत्रवाहिनीत सिलिकॉनची नळी दुर्बिणीने घालून दीर्घकाळ ठेवली. ती जागेवरून सरकायची. १९७८ मध्ये फिनी यांनी दोन्ही टोकांना आकड्यासारखं वळण असलेली नळी आणली. एक आकडा मूत्रपिंडात, दुसरा मूत्राशयात. इंग्रजी जे अक्षरासारखी दोन वळणं, म्हणून 'डबल जे', आपल्या दवाखान्यांतलं 'डीजे स्टेंट'.

१९९७ मध्ये लॉस एंजेलिसच्या गॅरी बेलमन यांच्या गटाने ५० रुग्णांवर केलेलं काम प्रसिद्ध केलं. पाठीतल्या नळीऐवजी आत डीजे स्टेंट. वेदना कमी, दवाखान्यातला मुक्काम कमी, खर्च कमी. इथून ट्यूबलेसला दुसरा जन्म मिळाला.

शब्दाकडे जरा बघा. 'ट्यूबलेस' म्हणजे नळीविना. पण पेशंटच्या अंगात नळी आहेच, फक्त ती बाहेरून दिसत नाही. म्हणूनच पुढे, ना पाठीत नळी ना आत स्टेंट, अशी पद्धत आली तेव्हा तिला 'टोटली ट्यूबलेस' असं वेगळं नाव द्यावं लागलं.

मुंबई आणि नडियाद

यानंतरच्या वादात भारतातले, त्यातही मुंबई आणि गुजरातेतले डॉक्टर पुढे आहेत.

२००० मध्ये मुंबईच्या आर. जी. स्टोन संस्थेतून माहेश्वरी, अंदनकर आणि बन्सल यांनी एक साधा प्रश्न विचारला: नळी ठेवायचीच तर जाड कशाला? ४० रुग्ण. काहींना २८ फ्रेंचची जाड नळी, काहींना ९ फ्रेंचची बारीक, टोकाला पिळ असलेली पिगटेल. बारीक नळीवाल्यांना दुखणं कमी झालं आणि पाठीतून लघवी झिरपणंही लवकर थांबलं. 'आहे की नाही' या भांडणात त्यांनी 'केवढी' हा तिसरा पर्याय आणून ठेवला.

२००४ मध्ये नडियादच्या मुळजीभाई पटेल युरोलॉजिकल हॉस्पिटलशी संबंधित देसाई, कुक्रेजा आणि सहकाऱ्यांची चाचणी आली. सहलेखकांत म्हसकर, वाणी, बापट अशी आपल्या ओळखीची आडनावं दिसतात. ३० रुग्ण, तीन गट: २० फ्रेंच, ९ फ्रेंच आणि ट्यूबलेस. वेदना आणि झिरपणं या दोन्हींत ट्यूबलेस गट सरस ठरला. आता तीनचा नियम आठवा. एका गटात दहा रुग्ण, आणि त्या दहांत एकही मोठा रक्तस्राव नाही असं धरलं, तरी अशा अभ्यासाला २५ टक्क्यांपर्यंतचा धोकासुद्धा नाकारता येत नाही. म्हणजे ही चाचणी वेदनेबद्दल बोलू शकते, क्वचित होणाऱ्या दुर्घटनेबद्दल नाही. याने चाचणी वाईट ठरत नाही. तिला कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणता नाही, एवढं कळतं.

२००८ मध्ये आग्र्याच्या अगरवाल आणि सहकाऱ्यांनी २०२ रुग्णांची चाचणी केली आणि आकडा जरा भक्कम झाला. त्याच वर्षी मुंबईच्या शहा आणि सहकाऱ्यांनी ६५ रुग्णांमध्ये बारीक नळी आणि ट्यूबलेस यांची तुलना केली. त्यात एक आकडा असा होता की सगळ्यांनी थांबून पाहावं: ट्यूबलेस गटातल्या सुमारे ३९ टक्के रुग्णांना स्टेंटचा त्रास झाला. वारंवार लघवी, जळजळ, कंबरेत ओढ. पाठीतलं दुखणं कमी झालं होतं, पण त्यातलं काही पोटात जाऊन बसलं होतं.

२०१० मध्ये नडियादच्याच मिश्रा, सबनीस, गणपुले, देसाई या मंडळींनी ट्यूबलेसच्या शहाणपणावर लेखाच्या शीर्षकातच शंका घेतली. नळी ठेवा, पण लवकर काढा, मग काय फरक पडतो? चाचणी छोटीच होती, पण मुद्दा मोलाचा. नळी लवकर काढली तर निकाल जवळपास सारखेच, शिवाय गरज पडल्यास पुन्हा आत डोकावण्याचं दार काही काळ उघडं राहतं.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नोंदींत तर ९६ केंद्रांतले ५,८०३ रुग्ण होते. आकडा मोठा आहे म्हणून हुरळून जाऊ नका. त्या नोंदी होत्या, चिठ्ठ्या टाकून पाडलेले गट नव्हते. सर्जन नळी कोणाला ठेवतो? ज्याला रक्त जास्त गेलं, ज्याचा खडा शिल्लक आहे, त्याला. मग नळीवाल्यांचे निकाल वाईट दिसले तर दोष नळीचा की पेशंटच्या आधीच्या अवस्थेचा? मोठा आकडा हा गोंधळ आपोआप सोडवत नाही. जुळवून घेतलेले गट लागतात, आणि पुढे त्याच नोंदींवर तसं कामही झालं.

आज मार्गदर्शक सूचना साधारण इतकंच म्हणतात: ऑपरेशन सरळ झालं असेल, खडा पूर्ण निघाला असेल, तर नळी ऐच्छिक.

आता हा प्रश्न गोंदियात आणू

वरच्या अभ्यासांनी काय मोजलं याची यादी करा. वेदना, वेदनाशामकाची मात्रा, झिरपण्याचे तास, रक्त किती उतरलं, दवाखान्यात किती दिवस. सगळं महत्त्वाचं. पण ही सगळी मोजमापं बहुतांशी दवाखान्याच्या दारापर्यंत चालतात. दाराबाहेर काय होतं?

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं २०१६ मध्ये. तरी युरोलॉजीच्या मोठ्या ऑपरेशनचं नाव निघालं की इथल्या माणसाचं तोंड सहसा नागपूरकडे वळतं. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. अर्जुनी मोरगावचा माणूस आधी गोंदियाला येणार, मग पुढची गाडी धरणार. राजीव गांधी जीवनदायी योजना २१ नोव्हेंबर २०१३ पासून गोंदियासह उरलेल्या महाराष्ट्रात लागू झाली, पुढे तिला महात्मा फुलेंचं नाव मिळालं. ऑपरेशनच्या खर्चाचा भार तिने बऱ्याच जणांच्या डोक्यावरून उतरवला. पण बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा दिवस ज्याचा त्यालाच भरावा लागतो.

आता पर्यायांची यादी वेगळ्या निकषाने मांडू. निकष एकच: घरी जाताना पेशंटच्या अंगात काय राहतं?

• फक्त पाठीतली नळी, जाड असो की बारीक: सहसा ती काढूनच घरी पाठवतात. अंगात काही नाही.
• ट्यूबलेस, आत डीजे स्टेंट: स्टेंट अंगात. काही आठवड्यांनी परत येऊन मूत्रमार्गातून दुर्बीण घालून तो काढावा लागतो.
• ट्यूबलेस, मूत्रमार्गातून बाहेर आलेला साधा युरेटरिक कॅथेटर: एक-दोन दिवसांत, सुट्टीच्या आधीच काढता येतो. अंगात काही नाही. २००१ मध्ये थायलंडमधल्या लोजनापिवत यांच्या गटाने ही वाट मांडली होती.
• दोरी बांधलेला स्टेंट: अंगात, पण दोरी बाहेर. काढायला दुर्बीण लागत नाही.
• टोटली ट्यूबलेस: अंगात काही नाही, पण त्यासाठी रुग्ण फार काळजीपूर्वक निवडावा लागतो.

बघा, क्रम कसा बदलला. लॉस एंजेलिसमध्ये जो पर्याय सगळ्यात सोयीचा, तो सालेकशात सगळ्यात जोखमीचा ठरू शकतो. पाठीतली नळी कोणी विसरत नाही, ती दुखते आणि दिसते. स्टेंट विसरला जातो. सुरुवातीचा त्रास कमी झाला की माणसाला वाटतं, झालं, बरा झालो. परत बोलावलेली तारीख नेमकी रोवणीच्या दिवसांत येते. धान लावायचं सोडून नागपूरला कोण जाणार? मग दिवाळी, मग लग्नसराई. आणि तीन महिन्यांच्या वर राहिलेल्या स्टेंटवर क्षार साचू लागतात. जो स्टेंट दहा मिनिटांत निघाला असता, त्याच्यासाठी पुन्हा ऑपरेशनं लागतात. फार उशीर झाला तर मूत्रपिंडही जाऊ शकतं. खड्यापासून वाचवलेलं मूत्रपिंड नळीपायी गेलं, असं व्हायला नको.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहू. लवकर सुट्टी दिली आणि आठ-पंधरा दिवसांनी अचानक लाल लघवी सुरू झाली तर? मूत्रपिंडातल्या जखमी रक्तवाहिनीतून असा उशिरा होणारा रक्तस्राव क्वचित होतो, पण होतो, आणि आधी ठेवलेली नळी तो टाळेलच असं नाही. नागपूरच्या पेशंटला रिक्षाने परत जाता येतं. देवरीपलीकडच्या गावातून रात्री निघायचं म्हणजे वेगळी गोष्ट. म्हणजे 'अंगात काही नको' हा निकषही एकटा पुरत नाही. अंतर हा स्वतंत्र घटक म्हणून हिशोबात घ्यावा लागतो.

यातून संशोधनाचा प्रश्न कसा निघतो

'स्टेंट चांगला की नळी?' हा प्रश्न आता तुम्ही घेऊ नका, त्यावर भरपूर झालं आहे. असा विचारून पाहा: ज्यांना स्टेंट घालून घरी पाठवलं, त्यांच्यातल्या किती जणांचा स्टेंट ठरलेल्या मुदतीत निघाला, आणि दवाखान्यापासूनच्या अंतराचा त्याच्याशी संबंध आहे का?

यासाठी नवीन यंत्र लागत नाही. ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर, सुट्टीचं कार्ड आणि स्टेंट काढल्याची नोंद, या तीन कागदांची सांगड घालायची. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्यायची, नावं गाळून संकेतांक वापरायचे. सगळ्यात महत्त्वाचं, छेद काय हे आधी ठरवायचं. 'विसरलेल्या स्टेंटचे इतके पेशंट आमच्याकडे आले' हा अंश झाला. एकूण किती जणांना स्टेंट घातले, हा छेद. जो परत आलाच नाही तो पहिल्या हिशोबात सापडणार नाही, आणि तुम्हाला तर तोच शोधायचा आहे. शिवाय त्याचा स्टेंट दुसऱ्या दवाखान्यात निघाला असू शकतो, म्हणून कागदावर 'काढल्याची नोंद नाही' आणि प्रत्यक्षात 'काढला नाही' यांत फरक करायला शिका. फोन करून विचारावं लागेल, कधी गावापर्यंत जावं लागेल.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांनाही इथे काम आहे. सुट्टीच्या कार्डावर 'स्टेंट आहे, अमुक तारखेला काढायचा' हे कोणत्या भाषेत लिहिलेलं असतं? छापलेलं असतं की घाईत खरडलेलं? घरात ते वाचू शकणारं कोणी असतं का? कार्डाचा हा कागद कसा बदलत गेला, याचाही इतिहास लिहिता येईल.

१९८४ मध्ये प्रश्न होता की नळीशिवाय पेशंट जगेल का. १९९७ मध्ये तो झाला, किती लवकर घरी जाईल. आपल्या जिल्ह्यापुरता पुढचा प्रश्न असा की घरी गेलेला पेशंट परत येऊ शकेल का, आणि त्याला परत यावं लागणारच नाही असा पर्याय त्याच्यासाठी सुरक्षित आहे का. सिनॉप्सिसला एवढा प्रश्न पुरे. या आठवड्यात वरच्या अभ्यासांपैकी कोणतेही दोन काढा आणि त्यांच्या 'पद्धती' भागात एकच गोष्ट शोधा: रुग्ण घरी गेल्यावर त्याला किती दिवस पाहिलं?